सबंध वाक्याला लागणारे शब्द आणि त्यांचा स्वल्पविराम

इंग्रजीतली काही क्रियाविशेषणे क्रियेविषयी काहीच सांगत नाहीत. ‘शी आन्सर्ड फ्रँकली’ या वाक्यात ‘फ्रँकली’ हा शब्द उत्तर देण्याची रीत सांगतो: तिने मोकळेपणाने उत्तर दिले. ‘फ्रँकली, शी डिड नॉट आन्सर’ या वाक्यात मोकळेपणा तिचा नसून बोलणाऱ्याचा आहे: खरे सांगायचे तर तिने उत्तर दिलेच नाही. शब्द तोच, रूपही तेच, पण पहिल्या वाक्यात त्याची सत्ता क्रियापदापुरती आहे आणि दुसऱ्यात ती सगळ्या विधानावर आहे. सिडनी ग्रीनबॉम यांनी १९६९ साली इंग्रजी क्रियाविशेषणांवरच्या आपल्या अभ्यासात हा भेद तपशिलाने मांडला. पुढे १९८५ साली क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या बृहद्व्याकरणात अशा शब्दांचा ‘डिसजंक्ट’ या नावाचा वेगळा वर्ग पक्का झाला. त्यातही दोन पोटभेद आहेत. ‘फ्रँकली’, ‘ऑनेस्टली’ हे शब्द बोलणारा कोणत्या भूमिकेतून बोलतो ते सांगतात. ‘फॉर्च्युनेटली’, ‘ऑब्व्हियसली’, ‘प्रॉबब्ली’ हे शब्द बोललेल्या गोष्टीविषयीचे त्याचे मत सांगतात.

स्वल्पविरामाचा प्रश्न उभा राहतो तो या दुहेरीपणातून. ‘ही डझ नॉट बिहेव्ह नॅचरली’ म्हणजे त्याचे वागणे सहज नाही, त्यात काहीतरी कृत्रिम आहे. ‘ही डझ नॉट बिहेव्ह, नॅचरली’ म्हणजे तो नीट वागत नाही, आणि यात नवल कसले! दोन्ही वाक्यांत अक्षरे सारखीच आहेत. फरक फक्त त्या चिन्हाचा, आणि त्याने नकाराचा आवाकाच बदलतो. पहिल्यात ‘नॉट’ हा ‘नॅचरली’ला नाकारतो. दुसऱ्यात ‘नॅचरली’ नकाराच्या कक्षेबाहेर उभा राहून नकारासकट सगळ्या वाक्यावर शेरा मारतो. बोलताना हे काम आवाजाच्या चढउताराने होते. कागदावर आवाज नसतो, म्हणून तिथे चिन्ह लागते. ही गोष्ट लक्षात आली की नियमांची निम्मी यादी पाठ करावी लागत नाही.

जागेप्रमाणे गरज कमीजास्त होते. वाक्याच्या शेवटी ती सर्वांत जास्त, कारण तिथे रीतिवाचक क्रियाविशेषणाचीही हक्काची जागा असते आणि दोघांची गल्लत होते. वाक्याच्या आरंभी मोठ्या, वजनदार शब्दांनंतर स्वल्पविराम देण्याची रीत आहे: ‘अनफॉर्च्युनेटली, द तूर क्रॉप फेल्ड’. मधल्या जागेत शब्द वाक्याचा प्रवाह तोडून आला असेल तर दोन्ही बाजूंना चिन्ह हवे: ‘द क्लार्क, फ्रँकली, वॉज राँग’. या जोडीतले एकच चिन्ह देणे ही सर्वांत ठळक चूक. त्यामुळे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम उरतो, आणि इंग्रजी वाक्यरचनेला तो मुळीच चालत नाही. उलट ‘प्रॉबब्ली’, ‘परहॅप्स’, ‘सर्टनली’ हे शब्द मधल्या जागेत बहुधा चिन्हाशिवायच येतात: ‘ही प्रॉबब्ली नोज’. ‘प्रॉबब्ली’ला रीतीचा अर्थच नाही, त्यामुळे घोटाळा होण्याची भीती नाही आणि चिन्हाला काही कामही नाही. ज्या शब्दाला दोन अर्थ आहेत त्यालाच कुंपण लागते. ‘ऑफ कोर्स’सारख्या शब्दांच्या बाबतीत मात्र चांगले लेखकही दोन्ही प्रकारे लिहितात. चिन्ह दिले की शब्द जड होतो, न दिल्यास तो ओघात निघून जातो. तिथे नियम शोधत बसण्यात अर्थ नाही.

‘हाउएव्हर’चे तसे नाही. ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइड, ही फेल्ड’ म्हणजे त्याने कितीही प्रयत्न केला तरी तो अपयशी ठरला. ‘हाउएव्हर, ही ट्राइड हार्ड’ म्हणजे तरीपण त्याने कसून प्रयत्न केला. इथे स्वल्पविरामाने शब्दाची जातच बदलते. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ हे मतप्रदर्शनाचे शब्द नव्हेत. ते मागच्या वाक्याशी दुवा जोडतात. पण इंग्रजीच्या दृष्टीने तेही क्रियाविशेषणेच आहेत, उभयान्वयी अव्यये नव्हेत. त्यामुळे दोन स्वतंत्र वाक्ये जोडायला ‘देअरफोर’च्या आधी नुसता स्वल्पविराम पुरत नाही, अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. मराठी विद्यार्थ्याला हे सहजी पटत नाही, कारण त्याच्या मनात ‘देअरफोर’च्या जागी ‘म्हणून’ असतो, आणि ‘म्हणून’ तर दोन वाक्ये बेलाशक जोडतो. ‘इट रेन्ड, देअरफोर वी स्टेड’ हे वाक्य तो निःशंकपणे लिहितो. चूक चिन्हाची दिसत असली तरी ती शब्दाची जात ओळखण्यातली चूक आहे.

‘होपफुली’वरून इंग्रजीत जेवढा वाद झाला तेवढा दुसऱ्या कुठल्या वाक्य-क्रियाविशेषणावरून झाला नसेल. ‘होपफुली, द रेन्स विल कम’ यात आशा कोण करतो? पाऊस तर नक्कीच नाही! १९६० च्या दशकापासून अमेरिकेतल्या भाषारक्षकांनी या प्रयोगावर हत्यार उपसले होते. असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तकाने २०१२ साली तो मान्य केला आणि वाद मंदावला. आक्षेप तर्काला धरून नव्हताच. ‘मर्सिफुली’ आणि ‘हॅपिली’ हे शब्द कितीतरी आधीपासून तसेच वापरले जात होते आणि त्यांच्याविषयी कुणी तक्रार केली नव्हती.

चिन्हाचा जन्म व्याकरणासाठी झाला नव्हता, हेही इथे सांगायला हवे. इ. स. पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात ॲरिस्टोफेनीस नावाच्या विद्वानाने ग्रीक संहितांवर ठिपके देण्याची पद्धत बसवली. मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचे ते कळावे, एवढाच तिचा हेतू होता. आजच्या आकाराचा स्वल्पविराम पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यातून रूढ झाला. छापील पुस्तक मनातल्या मनात वाचले जाऊ लागले तसे चिन्हाचे काम श्वासाकडून वाक्यरचनेकडे सरकले. अठराव्या शतकातले इंग्रजी चिन्हांनी खच्चून भरलेले असे. १७९५ च्या लिंडले मरे यांच्या व्याकरणात दुवा जोडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक शब्दाला स्वल्पविरामाने वेगळे काढण्याकडे कल आहे. विसाव्या शतकात, विशेषतः फाउलर यांच्या १९२६ च्या कोशानंतरच्या काळात, हात हलका होत गेला. मरेच्या काळातली उदाहरणे आणि आजचे इंग्रजी वर्तमानपत्र यांत मेळ बसत नाही तो यामुळे. श्वास आणि रचना या दोन्ही उपपत्ती मात्र शालेय पुस्तकांत अजून एकमेकींत मिसळलेल्या आहेत.

मराठीत हे चिन्ह बाहेरून आले. मोडीत विरामचिन्हे तर नव्हतीच, शब्दही तोडून लिहीत नसत. आधी पानभर शिरोरेघा ओढायच्या आणि त्यांखाली अक्षरे धावती ठेवायची, अशी रीत होती. पोथ्यांत दंड होते, पण ते ओवीचा किंवा श्लोकाचा शेवट दाखवत. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. मेजर थॉमस कॅन्डी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची, आणि मराठी छापील गद्यात इंग्रजी चिन्हे रुजली ती या काळापासून. कॅन्डी हे मोल्सवर्थ यांचे मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले सहकारी, पुढे सरकारी मराठी पाठ्यपुस्तकांचे शिल्पकार. त्यामुळे जे चिन्ह पुस्तकात आले तेच शाळेत गेले. वाक्यरचना मराठी आणि चिन्हे इंग्रजी, असा संसार तेव्हा सुरू झाला. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या चौदा आणि १९७२ च्या चार नियमांनी अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि लेखनरूपे यांचा निकाल लावला. ते नियम शब्दाच्या लेखनाचे आहेत, स्वल्पविराम कुठे द्यावा याचे नव्हेत. तो भाग मुद्रितशोधकांच्या सवयीवर चालत आला आहे.

शाळेतल्या मराठी व्याकरणाने या गोंधळात भर घातली. क्रियाविशेषण अव्यये कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक आणि परिमाणवाचक, असे ठरलेले कप्पे आहेत. ‘सुदैवाने बस मिळाली’ यातले ‘सुदैवाने’ कुठे घालायचे? वर्गात ते रीतिवाचकात ढकलले जाते. पण बस मिळण्याची रीत काही सुदैवी नव्हती. बस मिळाली हे सुदैव होते. सबंध वाक्याला लागणाऱ्या शब्दांसाठी कप्पाच नसल्याने विद्यार्थी इंग्रजीकडे वळतो तेव्हा त्याच्या हाती ‘थोडे थांबायचे असेल तिथे स्वल्पविराम’ एवढेच सूत्र असते. हे सूत्र चुकीचे आहे, कारण थांबण्याच्या जागा प्रत्येक भाषेच्या वेगळ्या असतात. मराठी बोलणारा लांब कर्त्यानंतर सहज थांबतो. तो तसाच इंग्रजीत थांबला की ‘द रोड फ्रॉम करजगी टू अफझलपूर, इज बॅड’ असे वाक्य तयार होते.

या वाक्यातल्या करजगीसारख्या गावी हा प्रश्न आणखी एका अंगाने पाहता येतो. करजगी कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातले, भीमेच्या खोऱ्यातले. तालुक्याची हद्द महाराष्ट्रातल्या अक्कलकोट तालुक्याला भिडते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले आणि कलबुर्गी आणि बीदर यांचा मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी दरबारची भाषा उर्दू, जुनी दप्तरे मोडीत, आणि घरात मराठी किंवा कानडी. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली गेली. या पट्ट्यातले मराठी मूल तीन-चार भाषांच्या कानाने वाढते. त्याला इंग्रजी स्वल्पविराम शिकवायचा तर एकट्या मराठीशी तुलना करून भागत नाही, आणि खरे म्हणजे इथली तुलना जास्त बोलकी आहे.

‘ॲपरंटली, ही केम’ हे वाक्य घ्या. मराठीत ते ‘तो आला म्हणे’. कानडीत ‘अवनु बंदनंते’. शेवटचा ‘अंते’ ऐकीव माहितीची खूण आहे. दखनीत ‘वो आया कते’. पूर्वेकडे तेलुगूत ‘वच्चाडट’. चार भाषा, दोन भाषाकुळे, आणि चारींनी ‘ही माझी पाहिलेली गोष्ट नव्हे, ऐकलेली आहे’ हा शेरा वाक्याच्या शेवटी क्रियापदाला चिकटवला आहे. शेजारच्या भाषा एकमेकींच्या वळणावर जातात त्याचा हा चांगला दाखला. चिन्हाचा प्रश्नच येत नाही, कारण क्रियापदानंतर आलेला हा शब्द दुसऱ्या कशाशी जुळूच शकत नाही. ‘तो आला, म्हणे’ असे कुणी लिहिले तर ते परके दिसते. ज्याला ‘म्हणे’ आणि ‘अंते’ दोन्ही येतात त्या मुलाला वाक्यावर शेरा मारणारा शब्द कसा असतो हे शिकवावे लागत नाही. इंग्रजी तो शेरा आरंभी ठेवते आणि रीतिवाचक शब्दाच्या वेषात ठेवते, म्हणून तिला स्वल्पविराम लागतो, एवढेच सांगायचे राहते. भाषांची ही सरमिसळ आजची नाही. याच तालुक्यात भीमा-अमरजा संगमावर गाणगापूर आहे. तिथल्या नृसिंह सरस्वतींचे चरित्र सरस्वती गंगाधराने मराठी ओवीत लिहिले, आणि त्याची स्वतःची भाषा कानडी होती.

मराठीची इतर साधनेही अशीच शब्दांत भरलेली आहेत. ‘सहज’ हा शब्द रीत सांगतो: ‘तो सहज बोलला’. ‘साहजिकच’ हा वाक्यावरचा शेरा आहे: ‘साहजिकच तो बोलला नाही’. ‘उघड’ आणि ‘उघडच’ यांतही तोच भेद: ‘तो उघड बोलला’, ‘तो उघडच खोटे बोलत होता’. इंग्रजीत जो फरक स्वल्पविराम करतो तो इथे बराचसा ‘च’ करतो. बोलणाऱ्याची भूमिका सांगायची तर मराठी तिथे बोलण्याचे क्रियापदच पुढे आणते: ‘खरे सांगायचे तर’, ‘स्पष्ट बोलायचे झाले तर’, ‘तसे पाहिले तर’. यातला ‘तर’ म्हणजे उच्चारलेला स्वल्पविरामच. शेरा संपला, आता विधान सुरू, असे तो सांगतो. तिसरा मार्ग शेऱ्याला वेगळे वाक्य करण्याचा: ‘तो येणार नाही हे उघड आहे’, ‘बरे झाले तू आलास’. कानडीही ‘निजवागि’ला ‘ऊ’ जोडून ‘निजवागियू’ करते आणि शब्दाला वजन देते.

आता उलट्या दिशेची वाहतूक पाहावी. अलीकडच्या मराठीत, विशेषतः भाषांतरात, जाहिरातीत आणि यंत्राने अनुवादलेल्या मजकुरात, ‘प्रामाणिकपणे, मला हे आवडले नाही’, ‘स्पष्टपणे, सरकारला हे माहीत होते’, ‘आशेने, पाऊस येईल’ अशी वाक्ये दिसतात. यांतला स्वल्पविराम हा आजार नव्हे, ते आजाराचे लक्षण आहे. ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द मराठीत रीतीचाच आहे. त्याच्यापुढे कितीही चिन्हे दिली तरी तो वाक्यावर चढत नाही. ‘प्रामाणिकपणे, तो काम करतो’ हे वाचताना मन तरीही त्याच्या कामाचाच प्रामाणिकपणा पाहते. इंग्रजीत रीतीच्या शब्दाला चिन्हाने वाक्याचा शब्द बनवता येते, मराठीत येत नाही. संपादकाने इथे नुसता स्वल्पविराम खोडू नये, ‘खरे सांगायचे तर’ लिहावे. ‘खरे तर,’ आणि ‘अर्थात,’ यांच्यापुढचा स्वल्पविराम तेवढा अपायकारक नाही, पण बहुतेक वेळा तो निरुद्योगी असतो. ‘तर’ने काम केल्यावर तेच काम चिन्हाला पुन्हा देण्याचे कारण नाही. ‘अर्थात’चा ‘म्हणजेच’ असाही एक अर्थ आहे, आणि दोन नामांच्या मध्ये तो शब्द आला तर कोणता अर्थ घ्यायचा हे ठरवायला चिन्ह उपयोगी पडते, तेवढा अपवाद.

म्हणून मराठीला अशा शब्दांपुढे स्वल्पविराम लागतच नाही, असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. तो लागतो, पण इंग्रजीला लागतो त्या कारणासाठी नाही. ‘दुर्दैवाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी अर्ज केलेच नाहीत’ हे वाक्य पाहा. शेतकरी दुर्दैवाने गांजले होते, की त्यांनी अर्ज केले नाहीत हे दुर्दैव? ‘योगायोगाने भेटलेल्या माणसाने पत्ता सांगितला’ यातही तेच: भेट योगायोगाची, की पत्ता कळणे? घोटाळ्याचे मूळ रचनेत आहे. मराठीत धातुसाधित विशेषण नामाच्या डावीकडे येते आणि आपल्याही डावीकडचे शब्द ओढून घेते. ‘ने’ हा प्रत्यय करणाचाही असल्याने ‘दुर्दैवाने’ला ‘गांजलेल्या’शी जुळायला आयतीच वाट मिळते. इंग्रजीत असे विशेषणवाक्य बहुधा नामाच्या उजवीकडे जाते. आरंभीचे ‘अनफॉर्च्युनेटली’ त्याच्या तावडीत सापडत नाही. कानडीची रचना मराठीसारखीच असल्याने तिथेही हा धोका आहे. अशा जागी ‘दुर्दैवाने, गांजलेल्या शेतकऱ्यांनी’ हा स्वल्पविराम खरोखर काम करतो, आणि नेमका तिथेच तो दिलेला नसतो. जिथे गरज नाही त्या ‘खरे तर’पुढे मात्र हटकून असतो.

त्याहून भरवशाचा उपाय शब्दाची जागा बदलण्याचा: ‘गांजलेल्या शेतकऱ्यांनी दुर्दैवाने अर्ज केलेच नाहीत’. सरकारी सूचना, ठराव आणि करारपत्रे लिहिणाऱ्यांनी तर हाच मार्ग धरावा, कारण न्यायालये चिन्हावर फार भिस्त ठेवत नाहीत. अश्विनीकुमार घोष विरुद्ध अरविंद बोस या १९५२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हाला दुय्यम स्थान दिले. 

एक जागा उरते: मराठी वाक्यात क्रियापदानंतर आलेला शेरा. ‘तो येणार नाही बहुधा’, ‘पाऊस लांबला यंदा, साहजिकच’. क्रियापद आले की मराठी वाक्य रचनेने पुरे झालेले असते. त्यानंतरचा शब्द मागाहून आठवलेला असतो. ‘बहुधा’, ‘कदाचित’, ‘म्हणे’ हे हलके शब्द एका दमात उच्चारले जातात आणि चिन्हाशिवाय शोभतात. ‘साहजिकच’, ‘दुर्दैवाने’ हे वजनदार शब्द तिथे आले तर बोलणारा खरोखरच थांबतो आणि स्वल्पविराम योग्य ठरतो. या एका जागी श्वास आणि रचना एकमेकांशी भांडत नाहीत, आणि मराठीची रीत ‘ही डझ नॉट बिहेव्ह, नॅचरली’ या इंग्रजी रीतीशी जुळते.